शेऱ्याचा रकाना

हृदयाच्या दुर्बलतेचा विषय आमच्या महाड-पोलादपूरकडे निघाला की जुन्या माणसांना अजूनही प्रथम विंचू आठवतो, आणि ते यथार्थच आहे. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण वैद्यकीय अधिकारी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाचा दंश झालेली धडधाकट माणसे, शेतावरून तसेच उचलून आणलेले तरणे गडी आणि अंगणात खेळणारी लेकरे, त्यांच्या डोळ्यांदेखत गुदमरून मरत असत. कारण ते विष रक्तात भिनले की शरीर स्वतःचीच उत्तेजक द्रव्ये अमर्याद सोडू लागते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्या आवळलेल्या वाहिन्यांत रक्त लोटता लोटता हृदयाचा डावा कप्पा थकतो, मागे तुंबलेले पाणी फुप्फुसांत उतरते आणि तोंडाशी गुलाबी फेस येतो. पाठ्यपुस्तकांत यावर उपयोगी पडेल असे फारसे काही नव्हते. तेव्हा या डॉक्टरांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास, घाम आणि हातापायांचा गारठा यांच्या नोंदी ठेवण्यास आरंभ केला, आणि त्या नोंदींनीच त्यांना हृदयापर्यंत नेले. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे शिरेतून द्यावयाचे औषध, आणि पुढे प्राझोसिन नावाची रक्तवाहिन्या सैल करणारी साधी, स्वस्त गोळी. १९८६ साली डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी त्या गोळीचा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला, आणि कालांतराने चाळीस टक्क्यांच्या घरातले मृत्यूचे प्रमाण एका टक्क्यापर्यंत उतरले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु आमच्या भागात त्यांचे नाव त्यापूर्वी कितीतरी वर्षे घरोघर घेतले जात होते.

याच १९८६ सालातली दुसरी एक हकीकत मला या संदर्भात फार विचार करावयास लावते. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांत, हृदय दीर्घकाळ दुर्बल राहिलेल्या ६४२ पुरुषांवर औषधांची जी परीक्षा चालली होती तिचा निष्कर्ष त्या साली प्रसिद्ध झाला, आणि तिच्यात हीच प्राझोसिनची गोळी होती. परंतु तिने त्यांचे आयुष्य काही वाढले नाही, पोकळ गोळी घेणाऱ्यांइतकेच ते राहिले. एकच औषध, एकच अवयव, एकच साल; आणि महाडला त्याने यमाच्या दारातून माणसे परत आणली, तर तिकडे त्याचा उपयोग झाला नाही. विंचवाच्या विषाने थकलेले हृदय ते वादळ सरले की पुन्हा उभे राहते, म्हणून एक-दोन रात्री त्याला तारून नेणे पुरते. वार्धक्याने, जुन्या रक्तदाबाने किंवा कळत नकळत होऊन गेलेल्या झटक्याने दुबळे झालेल्या हृदयाचे वादळ सरत नाही. तिथे एका रात्रीच्या पराक्रमाने काही होत नाही. तिथे रोजची सकाळ आहे, रोजची गोळी आहे, रोजचे मीठ आहे, आणि हे सारे पाहणारे, लिहून ठेवणारे कोणीतरी माणूस आहे. ते माणूस कोण असावे, याविषयी मला थोडे सांगावयाचे आहे.

माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, तलाठी म्हणून निवृत्त झाले. पोलादपूर तालुक्यात डोंगराच्या उतारावर आमचे गाव आहे, एस. टी. खाली रस्त्यावर सोडते आणि तेथून घरापर्यंत चढण आहे. मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला असून राहतो बिरवाडीला, आणि सुटीच्या दिवशी गावी जातो. ती चढण अण्णांनी उभ्या आयुष्यात बोलत बोलत चढलेली. पुढे ते अर्ध्या वाटेवरच्या फणसाखाली थांबू लागले, आणि थांबण्यासाठी त्यांना नेहमी काहीतरी निमित्त सापडे: कोणाचा बांध सरकला आहे, कोणाच्या वरकस जमिनीत गवत माजले आहे, हे ते काठीने दाखवीत राहात. वयाने दम लागतो, असे त्यांचे म्हणणे, आणि ते सर्वांनी मान्य केले होते. काकीने मात्र ते मान्य केले नव्हते, कारण तिच्यापाशी पुरावा होता. अण्णांना पूर्वी उशी लागत नसे. मग एक लागू लागली, मग दोन, मग दोन उशांखाली घडी केलेली गोधडी, आणि शेवटी ते ओटीवरच्या आरामखुर्चीतच झोपू लागले. मध्यरात्री खोकल्याची ढास येऊन ते उठत, अंगणात जाऊन वाऱ्याला उभे राहात आणि बऱ्याच वेळाने आत येत. या खोकल्यावर गावात दोन निरनिराळ्या बाटल्यांतली औषधे होऊन गेली होती. काकी मला म्हणाली, "अरे, खोकला छातीतला असता तर बसल्यावर का थांबला असता? आडवं झालं की येतो, उठून बसलं की जातो. हे काहीतरी निराळंच आहे." पुस्तकांतून ज्या लक्षणाला मोठे स्थान आहे ते तिने उशा मोजून ओळखले होते.

तेव्हा अण्णांना महाडला डॉक्टरांकडे नेले आणि तेथे टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. हृदयाची उपसा करण्याची शक्ती तीस टक्के, असे कागदावर आले, आणि अण्णांनी ते वाचून शांतपणे विचारले, "म्हणजे सत्तर टक्के गेलं?" हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की त्यापायी कित्येक घरांत तपासणीच्या दिवशीच रडारड होते. निरोगी हृदय देखील एका ठोक्याला आपल्या कप्प्यातले सारे रक्त बाहेर टाकीत नाही. पंचावन्न ते सत्तर टक्के टाकते, आणि तेवढेच पुरेसे असते. तेव्हा तीस म्हणजे शंभरातले तीस नव्हे, साठ-पासष्टांतले तीस. डॉक्टरांनी हे समजावून सांगितले तेव्हा अण्णांनी मान हलवली. हिशेब बदलला की माणसाचा धीरही बदलतो, हे मला तिथे दिसले.

परंतु पाणी का साचते, हे काही त्यांच्या ध्यानात येईना. हृदय कमी रक्त फेकते हे ठीक. मग पायाला सूज कुठून आली? परतीच्या वाटेवर मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगून पाहिले. समजा, तालुक्याची कोठारे भरलेली आहेत, पण रस्ता खचल्यामुळे धान्य जिल्ह्याला पोहोचत नाही. जिल्ह्याच्या कचेरीला वाटते की तालुक्यात दुष्काळ पडला, आणि ती हुकूम सोडते की जावक बंद करा, मिळेल ते साठवा. मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोहोचते, म्हणून शरीरात पाण्याचा तुटवडा आहे असा अहवाल त्याला मिळतो, आणि ते प्रामाणिकपणे मीठ आणि पाणी धरून ठेवते. जितके धरते तितका हृदयावरचा बोजा वाढतो, आणि बोजा वाढला की पुढचा अहवाल आणखी वाईट जातो. अण्णा बराच वेळ खिडकीबाहेर पाहात राहिले. मग म्हणाले, "म्हणजे औषधं आहेत ती हुकूम रद्द करायला." याहून नेमकी व्याख्या मला आजवर कोणी सांगितलेली नाही.

त्या औषधांपैकी लघवीच्या गोळीचे नाव सर्वांना माहीत असते; फ्युरोसेमाइड किंवा टॉरसेमाइड, साचलेले पाणी काढते, आणि तिचा गुण दोन दिवसांत डोळ्यांना दिसतो. बाकीच्यांचा गुण डोळ्यांना दिसत नाही, आणि आयुष्य वाढते ते मुख्यतः त्यांनी. स्पायरोनोलॅक्टोन हे त्यांतले एक. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या परीक्षेत त्याने गंभीर रुग्णांतले मृत्यू तीस टक्क्यांनी घटवले. प्राझोसिनहून निराळ्या रीतीने रक्तवाहिन्या सैल करणारे दुसरे, ज्याने रक्तदाब उतरतो आणि म्हणून अंथरुणातून एकदम उठावयाचे नसते. तिसरे मेटोप्रोलॉलच्या जातीचे, हृदयाची गती मंद करणारे. याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे: दुर्बळ हृदयाला ते विषसमान, असे एके काळी वैद्यकशास्त्र निक्षून सांगत असे, १९७५ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी मोजक्या रुग्णांना ते देऊन त्यांची प्रकृती सुधारल्याचे लिहिले, तरी जगाला ते पटावयास जवळजवळ पाव शतक लागले. हे औषध सुरू होताना माणूस थोडा अधिकच गळल्यासारखा होतो, म्हणून घरची माणसे ते बंद करून टाकतात. अगदी थोडक्या मात्रेने आरंभ करून आठवड्या-पंधरवड्यांनी वाढवीत नेले तरच ते पचते. आणि चौथे डॅपाग्लिफ्लोझिन, मुळात मधुमेहाचे. मेडिकलवाल्याने सहज "ही साखरेची गोळी" म्हटल्याबरोबर अण्णांनी ती बाजूला काढून ठेवली होती, कारण त्यांना साखर नाही. ज्यांना मधुमेह नाही अशांच्याही दुबळ्या हृदयाला ती गोळी उपकारक ठरते हे २०१९ साली सिद्ध झाले, ही माहिती पोलादपूरच्या डोंगरापर्यंत पोहोचावयास कोणीतरी मनुष्य लागतो.

वृद्धांची औषधे सांभाळताना अडचण येते ती शास्त्राची कमी आणि व्यवहाराची जास्त. मेडिकलवाला दहा गोळ्यांच्या पट्टीतून चार कापून देतो, त्यात औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा दुकानातच राहतो, आणि घरी उरतो तो चंदेरी कागद, ज्यावर काही लिहिलेले नाही. मुंबईच्या मुलाने आणलेली आणि महाडला लिहून मिळालेली, रंग निराळा, वेष्टन निराळे, नाव निराळे, अशा दोन गोळ्या आत एकच औषध असतात आणि म्हातारा मनुष्य दोन्ही निष्ठेने घेतो. म्हणून आम्ही कापलेली पट्टी घ्यावयाची नाही असे ठरवले आणि प्रत्येक पट्टीवर काळ्या शाईने मूळ औषधाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले. दुसरी अडचण एस. टी.ची. लघवीच्या गोळीचा जोर तासाभरात सुरू होतो आणि पाच-सहा तास राहतो. पोलादपूरहून महाड वीसेक किलोमीटर असले तरी गाडीची वाट पाहणे, तपासणीसाठी रांगेत बसणे आणि परत येणे यांत अर्धा दिवस जातो, आणि सत्तरी उलटलेल्या भिडस्त माणसाला मधेच उठून जागा शोधणे अवघड वाटते. त्यामुळे तपासणीला जावयाच्या दिवशी अण्णा गोळी चुकवीत, आणि हे त्यांनी कोणालाही सांगितलेले नव्हते. लग्न, बारसे, तेरावे, प्रत्येक प्रवासाच्या दिवशी गोळी चुके. डॉक्टरांना मी हे सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत, ते म्हणाले, "वेळ बदला, गोळी सोडू नका. परत आल्यावर दुपारी घ्या, फक्त संध्याकाळ करू नका, नाहीतर रात्रभर झोप नाही." एवढ्या साध्या सवलतीने जे साधले ते अनेक उपदेशांनी साधले नसते.

आता हे सारे लिहून ठेवण्याच्या वहीविषयी. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच कपड्यांत वजन करावयाचे, आणि एका दिवसात किलोभर किंवा तीन-चार दिवसांत दोन किलो वाढले तर वाट न पाहता कळवावयाचे, अशी डॉक्टरांची आज्ञा होती. कारण चरबी इतक्या वेगाने वाढत नाही, वाढते ते पाणी, आणि सूज डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी काटा ते सांगतो. मी काटा विकत नेला. पहिल्या आठवड्याचे आकडे पाहून मात्र मला ते खरे वाटेनात. वजन एक दिवस वर, एक दिवस खाली, त्याला काही ताळमेळ नव्हता. प्रयोगशाळेत आयुष्य गेलेल्या माणसाने प्रथम तराजूवर संशय घ्यावयाचा असतो. माजघराची जमीन सारवलेली. काट्याचा एक पाय मऊ जागी पडला की आकडा निराळा येतो, थोडा सरकवला की आणखी निराळा. परसात मोरीसाठी आणून ठेवलेली कडप्प्याची एक फरशी होती. ती भिंतीशी पक्की बसवली, पाणसळीने पाहिली, काट्याच्या चारी पायांच्या जागा खडूने आखल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून आकडे शहाण्यासारखे चालू लागले.

परंतु वही कोणी लिहावी? पहिल्याने मला वाटले की काकीने लिहावी, किंवा तिने फोनवर सांगावे आणि मी लिहावे. घरातल्या कर्त्या माणसाला एकाएकी रुग्ण करून टाकण्याची घाई आपल्याला फार असते. त्याच्या गोळ्या आपण मोजतो, त्याचे पाणी आपण मोजतो, डॉक्टरांच्या पुढ्यात तो बसलेला असताना त्याच्याविषयी आपण बोलतो, आणि यालाच सेवा म्हणतो. ज्या माणसाने हयातभर गावाच्या जमिनीचा इंच-इंच स्वतःच्या हस्ताक्षरात सांभाळला, फेरफार नोंदवले, पीकपाहणी केली, ज्याच्या दप्तराच्या तपासणीत मामलेदारांना बोट ठेवावयास जागा सापडत नसे, त्याच्या देहाचे दप्तर दुसऱ्याने लिहावे, यात काही न्याय नव्हता. मी कोरी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटले, "अण्णा, रकाने तुम्हीच आखा." त्यांनी चष्मा पुसला, पट्टी मागितली, लाल शाई मागितली. तारीख, वजन, सूज, उशा, गोळ्या, असे रकाने पडले, आणि डाव्या हाताच्या पानावर जागा पुरेना तेव्हा उजवे पानही घेऊन शेवटी, सवयीने, त्यांनी एक रुंद रकाना आखला व त्याच्या डोक्यावर लिहिले: शेरा.

सूज पाहण्याची रीत त्यांनी डॉक्टरांकडून नीट शिकून घेतली होती. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटे वर, अंगठा दाबून काही क्षण तसाच ठेवावयाचा आणि उचलावयाचा. निरोगी कातडी लगेच वर येते. पाणी असले की अंगठ्याएवढा खळगा तसाच राहतो, त्याच्या कडा उजेडात चकाकतात, आणि तो भरून यावयास जितका वेळ लागतो तितकी सूज अधिक. अण्णा सकाळच्या उन्हात ओटीच्या काठावर पाय सोडून बसत, दोन्ही पाय दाबून पाहात आणि रकान्यात "नाही", "किंचित", "आहे" यांपैकी एक शब्द लिहीत. चौथा शब्द त्यांनी कधी वापरला नाही.

आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर आगोटीची बेगमी करण्याची रीत आहे. पाऊस लागला की बाजार दुरावतो, म्हणून सुकट, सोडे, बोंबील, पापड, लोणची, कोकमाचे आगळ आणि मिठाची बरणी घरात भरून ठेवावयाची; आणि यातले बरेच पदार्थ मिठाने टिकलेले असतात. ज्याच्या मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवण्याचा हुकूम झालेला आहे अशा माणसाला हे चार महिने अतिशय धोक्याचे असतात. धुतल्याने सुक्या मासळीच्या वरचे मीठ जाते, आत मुरलेले जात नाही. काकीने या प्रश्नाला हात घातला तो मोठ्या समजूतदारपणे: तिने अण्णांसाठी निराळे, अळणी ताट केले नाही, कारण निराळे ताट म्हणजे रोज दोन वेळा आजाराची आठवण, तिने साऱ्या घराचेच मीठ हळूहळू उतरवले, आमसूल, लसूण, ओली मिरची आणि लिंबू यांच्यावर स्वयंपाक आणला, कुळथाच्या पिठीला फोडणी झणझणीत दिली, आणि बोंबील सणासुदीपुरते एक-दोन तुकडे इतकेच ठेवले. बाजारात कमी सोडियमचे म्हणून जे मीठ मिळते ते मात्र तिला मी आणू दिले नाही. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते, आणि स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या माणसाच्या रक्तात ते साठून हृदयाचा ठोका बिघडू शकतो. शहाळ्याच्या पाण्याविषयीही हेच, आणि आजाऱ्याला भेटावयास येणारा प्रत्येक जण येताना शहाळे आणतो.

या आगोटीच्या यादीत औषधे चढली ती २०२१ च्या पुरानंतर. २२ जुलैला सावित्रीने महाड बुडवले. बाजारपेठेतली दुकाने मालासकट पाण्याखाली गेली, त्यांत औषधांची दुकानेही होती. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही डोंगर खाली आले. रस्ते बंद, वीज नाही, फोन नाही. अण्णांच्या गोळ्यांचा डबा तेव्हा सुदैवाने नुकताच भरलेला होता. मी बिरवाडीला अडकलो होतो आणि त्या दिवसांत मला पुराइतकीच त्या डब्याची चिंता होती. तेव्हापासून मृगाच्या आत दोन महिन्यांच्या गोळ्या, चिठ्ठीची आणि इकोची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, माळ्यावरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात जातात; घर सोडावे लागले तर आधी तो डबा घ्यावयाचा, हे नातवंडांनाही पाठ आहे.

गेल्या पावसाळ्यात, लावणी आटोपल्यावर, वजन चढू लागले. आकडे थोडथोडे, पण एकाच दिशेने वर जात होते. सूज "किंचित"वरून "आहे"वर आली, उशांच्या रकान्यात एकाचे दोन झाले. गोळ्या चुकल्या नव्हत्या, काकीचे मीठ वाढले नव्हते. फोनवर डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला तो असा: दुखण्याची काही गोळी घेतली का? मला ठाऊक नव्हते, काकीला ठाऊक नव्हते. परंतु वहीत होते. वजन वाढू लागण्याच्या आधीच्या दिवशी, त्या रुंद रकान्यात, सुरेख वळणदार अक्षरात लिहिले होते: "गुडघा फार दुखला. शेजारून आणलेली गोळी घेतली. आराम." आणि पुढे रोज: "गोळी घेतली. आराम." ती आयबुप्रोफेन होती. या जातीची वेदनाशामके, डायक्लोफिनॅक काय किंवा आयबुप्रोफेन काय, मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवावयास भाग पाडतात आणि लघवीच्या गोळीचा जोर मोडून काढतात; ती चिठ्ठीवाचून मिळतात, स्वस्त असतात, आणि चिखलात दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या आमच्या मुलखात घराघरांत असतात. ज्या आयसोब्युटिल बेंझिनपासून जगभर आयबुप्रोफेन बनवतात ते आमच्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तयार होते, टँकर भरभरून मी ज्या रस्त्याने कामावर जातो त्याच रस्त्याने बाहेर पडते, आणि कितीतरी माणसांच्या खऱ्या वेदना त्याने शमतात; त्यातली एक वेदना शमवताना अण्णांच्या फुप्फुसांत पाणी चढू लागले होते. गोळी बंद झाली, डॉक्टरांनी लघवीच्या गोळीची मात्रा काही दिवस वाढवली, गुडघ्याला पॅरासिटामॉल आणि शेक यांवर भागवले, आणि आकडे उतरले. इस्पितळात दाखल होण्याची वेळ आली नाही. शेजाऱ्याने ती गोळी मायेने दिली होती; त्याला कोणी काही बोलले नाही, फक्त अण्णांनी त्याला बोलावून वही दाखवली, आणि त्याने ती पानोपान वाचली.

ती वही काकीने लिहिली असती किंवा मी लिहिली असती तर तो शेरा कोणाच्याही हातून लिहिला गेला नसता, कारण आम्हां दोघांनाही तो गुडघा दुखत नव्हता. दुखण्याचे आतले वृत्त ज्याचे त्यालाच ठाऊक असते, आणि मनुष्य ते सांगतो केव्हा, तर ते सांगण्याचा अधिकार आपला आहे अशी त्याची खात्री असते तेव्हा. विचारले असते तर अण्णा "बरं आहे" म्हणाले असते. ते सर्वांना तसेच म्हणतात. पण दप्तरात खोटी नोंद करणे त्यांना जमण्यासारखे नव्हते.

त्या प्रसंगानंतर पुढच्या तपासणीत त्यांनी डॉक्टरांना सरळ विचारले की किती दिवस. डॉक्टरांनीही सरळ सांगितले: या रोगाचे निदान झालेल्यांपैकी सुमारे निम्मी माणसे पाच वर्षांच्या आत जातात, निम्मी त्यापुढे जगतात, आणि औषधे नीट घेणारा दुसऱ्या निम्म्यांत असण्याचा संभव वाढतो, पण तारीख कोणी देत नाही. अण्णांनी आभार मानले. घरी आल्यावर काही दिवसांनी त्यांनी माझ्याकडून एक माहिती काढवून घेतली. कृत्रिम उपायांनी प्राण अडकवून ठेवू नयेत अशी इच्छा मनुष्य आधीच लिहून ठेवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात मान्य केले, आणि तिची पद्धत फार किचकट होती म्हणून २०२३ च्या जानेवारीत ती सोपी केली: दोन साक्षीदारांसमोर सही, आणि न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांचे साक्षांकन. राजपत्रित अधिकारी म्हटल्यावर अण्णांच्या चेहऱ्यावर ओळखीची छटा उमटली.

मसुदा त्यांनी स्वतः केला. शुद्धीवर असून, कोणाच्या दडपणाखाली नसून, असा आरंभ, मग आजाराचा तपशील, औषधांची नावे, इकोची तारीख, मग इच्छा. यंत्रावर ठेवू नये. मुंबईला नेऊ नये. निर्णयाची वेळ आली तर काकीचा आणि माझा शब्द घ्यावा. काकीला त्यांनी तो वाचून दाखवला. ती चुलीपाशी होती. पदराला हात पुसत बाहेर आली आणि उभ्यानेच सारे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मुंबईचं ठीक. पण रात्री धाप लागली तर महाडपर्यंत मी नेणार. त्याला ना म्हणायचं नाही. पाणी काढलं की तुम्हाला बरं वाटतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. महाडच्या पुढचं तुम्ही म्हणाल तसं." अण्णांनी थोडा विचार केला. श्वास कोंडला तर तो मोकळा करणे आणि मरण लांबवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ती म्हणत होती आणि ते बरोबर होते. त्यांनी "मुंबईला नेऊ नये" या ओळीखाली तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत घातले, वाढवलेल्या मजकुराच्या दोन्ही बाजूंना आद्याक्षरे केली, तारीख टाकली, आणि साक्षीदार शक्यतो घरचे नसावेत म्हणून खालच्या आळीतल्या दोघांची नावे सुचवून, सोमवारी तहसील कचेरीत कोण अधिकारी जागेवर असतील याची चौकशी करावयास मला सांगितले.